लिव्हरची गाठ: चिरा, दुर्बीण की सुई, हे ठरतं कशावरून?

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा. आप्पा ६२ वर्षांचे, विट्याकडचे, बरीच वर्षं साखर, पोट सुटलेलं, दारूला कधी शिवले नाहीत. पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला सोनोग्राफी केली, तर लिव्हरच्या उजव्या भागात गाठ निघाली. सीटीत ती सेगमेंट ६ मध्ये (लिव्हरच्या आठ भागांपैकी एक) ४.२ सेंटिमीटरची दिसली, रक्तात एएफपी, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिनही वाढलेलं. सांगलीत एकांनी सांगितलं, मोठा चिरा देऊन लिव्हरची उजवी बाजू काढावी लागेल. पुण्यात दुसरे म्हणाले, दुर्बिणीतून होईल, पाचव्या दिवशी घरी. तिसऱ्यांचं म्हणणं, कापायचं कशाला, सुई घालून जाळून टाकू. आता भाऊ दुर्बिणीच्या बाजूने, चुलते सुईच्या बाजूने, आणि तुम्ही मध्ये अडकलाय.

मी मिरजेत लिव्हर आणि पित्तनलिकेच्या शस्त्रक्रिया करतो. घरात असे तट पडलेली मंडळी ओपीडीत नेहमी येतात आणि फाईल उघडायच्या आधीच विचारतात, "डॉक्टर, चिरा केवढा?" चिऱ्याचा निर्णय सगळ्यात शेवटचा. त्याआधी तीन गोष्टी कळायला लागतात: गाठ कसली आहे, ती काढल्यावर मागे उरणारं लिव्हर आप्पांना पुरेल का, आणि ती कोणत्या रक्तवाहिनीला खेटून आहे. तुमच्या मजकुरात गाठीची सगळी मापं आहेत, पण उरलेल्या लिव्हरबद्दल एक ओळ नाही. प्लेटलेट किती, अल्ब्युमिन किती, प्लीहा वाढलीय का, काहीच नाही. तीन डॉक्टरांची तीन मतं पडली त्याचं मूळ बहुधा इथेच आहे. प्रत्येकाने उरलेल्या लिव्हरबद्दल मनाशी काहीतरी धरून चालून उत्तर दिलं असणार.

आधी गाठ कसली ते. लिव्हरमधली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते आणि प्रत्येक गाठ काढायचीही नसते. हेमँजिओमा हा रक्तवाहिन्यांचा गुंता सोनोग्राफीत सर्रास सापडतो. त्रास देत नसेल तर त्याच्या वाटेला जायचं नाही. एफएनएच नावाची गाठही तशीच सोडतात. अडिनोमा मात्र ५ सेंटिमीटरच्या वर गेला किंवा पुरुषात सापडला तर काढलेला बरा, कारण तो फुटून रक्तस्राव होण्याची आणि पुढे कॅन्सरकडे वळण्याची भीती असते. ताप, थंडी आणि उजव्या बरगडीखाली ठणका असेल तर आमचा पहिला संशय अमिबाच्या गळवावर. ते मेट्रोनिडॅझोलने आणि गरज पडली तर पू काढून बरं होतं. आणि पेशंट जत, आटपाडी, माण अशा मेंढपाळीच्या पट्ट्यातला असेल तर हायडॅटिड सिस्ट डोक्यात ठेवावीच लागते. कुत्रा आणि मेंढी यांच्यात फिरणारा हा जंत माणसाच्या लिव्हरमध्ये पाण्याने भरलेली गाठ करतो. पुरेशी तयारी न करता तिच्यात सुई घातली आणि ते पाणी पोटात सांडलं, तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते, वर पोटात नव्या गाठी रुजतात त्या वेगळ्याच. 'नुसती सुई तर घालायचीय' म्हणणाऱ्या तुमच्या चुलत्यांना हे जरूर सांगा.

आप्पांची गाठ यातली वाटत नाही. तुम्ही दिलेल्या रिपोर्टाप्रमाणे सीटीत शिरेतून दिलेलं औषध धमनीत असताना ती उजळली आणि नंतरच्या टप्प्यात आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळपट पडली. सिरोसिस (लिव्हर व्रण पडून कडक, दाणेदार होणं) किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात एवढं चित्र दिसलं की लिव्हरच्या मूळ कॅन्सरचं, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाचं निदान होतं. तुकडा काढावा लागत नाही. सिरोसिस नसेल तर हा नियम चालत नाही. मग आधी बायोप्सी करायची, की गाठ काढण्याजोगी आहे तर सरळ काढून मग तपासायची, असा प्रश्न येतो. मी दुसऱ्या मार्गाकडे झुकतो. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजण्याचा धोका साधारण शंभरात दोन-तीन असतो, म्हणजे 'सुई लावली की पसरतो' ही गावाकडची भीती अगदी खोटी नाही, पण फुगवलेली आहे. मुद्दा एवढाच, की जिच्या निकालाने पुढचं काहीच बदलणार नाही ती तपासणी कशाला करायची?

आता उरलेलं लिव्हर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पेशंट वाचतो किंवा दगावतो तो इथे.

"दारू नाही म्हणजे सिरोसिस नाही" असं नातेवाईक ठामपणे सांगतात. साखर, वाढलेलं वजन आणि लिव्हरमधली चरबी एवढ्यावरही वर्षानुवर्षांत लिव्हर कडक होऊ शकतं, आणि पेशंटला पत्ता नसतो. अशा चरबीच्या लिव्हरमध्ये सिरोसिस व्हायच्या आधीसुद्धा कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे आप्पांचं लिव्हर बऱ्यापैकी चांगलंही असू शकेल किंवा पार थकलेलंही. तपासल्याशिवाय मी काय, कोणीच सांगू शकणार नाही.

तपासायचं कसं? बिलिरुबिन (काविळीचा आकडा), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा), पोटात पाणी आहे का आणि शुद्धीवर परिणाम आहे का, या पाच गोष्टींवरून चाइल्ड-प्यू गुण काढतात. ५-६ गुण म्हणजे ए, ७ ते ९ बी, १० आणि त्यापुढे सी. लिव्हर कापण्याचा विचार आम्ही मुख्यतः ए गटात करतो; बी मध्ये अगदी निवडक पेशंटमध्ये, छोट्या तुकड्यापुरता; सी मध्ये नाही. पण नुसत्या ए वर भुलू नका. चाइल्ड ए आहे, मात्र प्लेटलेट एक लाखाच्या खाली, प्लीहा मोठी, एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या, असा पेशंट कागदावर फिट दिसतो आणि शस्त्रक्रियेनंतर पोटात पाणी भरत बसतो. लिव्हरमधल्या रक्तप्रवाहाचा दाब आधीच वाढलाय, याची ही खूण. म्हणून एंडोस्कोपी झालेली नसेल तर करून घ्या. हिपॅटायटिस बी आणि सी च्या तपासण्याही हव्यात. बी निघाला तर औषध शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू करायचं आणि पुढेही चालू ठेवायचं.

मग येतो आकाराचा हिशोब, कापायचा नव्हे तर ठेवायचा. निरोगी लिव्हरचा साधारण पाव भाग मागे राहिला तरी माणूस तरतो, कारण लिव्हर वाढून भरून येतं. केमोथेरपीने किंवा चरबीने खराब झालेलं असेल तर ३० टक्के ठेवावे लागतात, सिरोसिस असेल तर ४० च्या आसपास. सीटीवरून हे आकारमान मोजता येतं. उजवी बाजू म्हणजे बहुतेकांत ६० ते ६५ टक्के लिव्हर. ती काढली तर राहिले ३५ ते ४०. आप्पांना सिरोसिस असेल तर ४.२ सेंटिमीटरच्या एका गाठीपायी सगळी उजवी बाजू काढणं म्हणजे त्यांना काठावर नेऊन उभं करणं. दुसरा इलाजच नसेल तर आधी उजव्या बाजूला जाणारी पोर्टल शीर (आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणारी) सुईवाटे बंद करतात आणि चार ते सहा आठवडे थांबतात. तेवढ्यात डावी बाजू वाढते. ती वाढलीच नाही, तर लिव्हरमध्ये दम नाही हे शस्त्रक्रियेच्या आधीच कळतं.

पोट उघडल्यावर हा फरक हाताला लगेच कळतो. चांगलं लिव्हर मऊ, तांबूस, कडा धारदार. बोटाने दाबलं तर दबतं. सिरोसिसचं लिव्हर खडबडीत, दाणेदार, कडा बोथट. त्यात टाका घेतला तर धाग्याने फाटतं, आणि कापल्या जागेवरून रक्त झिरपत राहतं. तुम्हाला ज्या पाचव्या दिवशी घरी सोडू म्हणून सांगितलंय, त्याच पाचव्या दिवशी आम्ही बिलिरुबिन आणि आयएनआर या दोन आकड्यांकडे डोळे लावून बसलेलो असतो. दोन्ही उतरत असतील तर जीव भांड्यात पडतो. दोन्ही चढत असतील तर चिरा लहान होता की मोठा, याने काही फरक पडत नाही.

तिसरी गोष्ट जागेची. कुइनो नावाच्या फ्रेंच तज्ज्ञाने १९५७ मध्ये लिव्हरचे आठ भाग दाखवून दिले, तेच हे सेगमेंट. उसाच्या रानात पाटातून फुटलेली एकेक चारी जशी आपापल्या वाफ्याला पाणी देते, तशी प्रत्येक सेगमेंटला पोर्टल शिरेची, धमनीची आणि पित्तनलिकेची आपापली फांदी असते. ती फांदी बांधली की तेवढाच भाग काढता येतो, शेजारचा जिवंत राहतो. लिव्हरचा मूळ कॅन्सर या पोर्टल फांदीतूनच आसपास सरकतो, म्हणून लिव्हर साथ देत असेल तर गाठीपुरता तुकडा न काढता तो पूर्ण सेगमेंट काढणं मला जास्त पटतं. हल्ली फांदी बांधून शिरेतून आयसीजी हा हिरवा रंग देतात. खास कॅमेऱ्यात बाकीचं लिव्हर उजळतं आणि काढायचा तेवढा भाग काळा राहतो. हद्द डोळ्यांना दिसते.

सेगमेंट ६ ही उजवीकडची खालची, काठावरची जागा. सोप्यातली सोपी म्हणणार नाही, पण ७ आणि ८ सारखी छाती-पोटामधल्या पडद्याखाली दडलेली किंवा १ सारखी मुख्य शिरेला चिकटलेली नाही. मग सांगलीच्या डॉक्टरांनी सगळी उजवी बाजू का म्हटलं असेल? मला दोन शक्यता दिसतात. एक तर गाठ आतल्या बाजूने उजव्या मुख्य फांदीला किंवा उजव्या हिपॅटिक शिरेला (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी) टेकत असेल, किंवा शिरेच्या आत शिरल्याचा संशय असेल. तसं असेल तर त्यांचं बरोबर आहे. की त्यांनी फक्त सोनोग्राफीचा कागद बघून सांगितलं? हे त्यांनाच विचारा. कागद नको, सीटीची सीडी घेऊन जा आणि म्हणा, "गाठीपासून उजवी मुख्य शीर किती लांब आहे, तेवढं स्क्रीनवर दाखवता का?" चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

एवढं झाल्यावर मग चिरा की दुर्बीण. काठावरच्या, पुढच्या-खालच्या सेगमेंटमधल्या ५ सेंटिमीटरपर्यंतच्या एकट्या गाठीसाठी दुर्बीण चांगली, हे आता जगभर मान्य आहे. आप्पांची गाठ या वर्णनात बसते. नॉर्वेतल्या ओस्लोमध्ये आतड्याच्या कॅन्सरमधून लिव्हरमध्ये आलेल्या गाठींसाठी २८० पेशंटची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून तुलना झाली. चिऱ्याच्या गटात ३१ टक्क्यांना गुंतागुंत झाली, दुर्बिणीच्या गटात १९ टक्क्यांना. पुढे किती जण जगले, यात मात्र फरक पडला नाही. म्हणजे दुर्बिणीने कॅन्सर जास्त पसरतो हे खोटं, आणि दुर्बिणीने जास्त बरा होतो हेही खोटं. फायदा दुखणं कमी, उठून चालणं लवकर, असा आहे. सिरोसिसमध्ये आणखी एक फायदा: पोटाच्या भिंतीतल्या फुगलेल्या शिरा कापल्या जात नाहीत, त्यामुळे नंतर पोटात पाणी कमी साठतं. मात्र ओस्लोची आकडेवारी हातखंडा असलेल्या टीमची आहे, हे विसरू नका.

एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही चिरा असतोच. सेंटिमीटरभराच्या छिद्रातून एवढी गाठ आणि तिच्याभोवतीचं लिव्हर बाहेर कसं येणार? ते आतच पिशवीत भरतात आणि ओटीपोटावर आडवा छेद घेऊन अखंड बाहेर काढतात. तुकडे करायचे नसतात.

रक्तस्रावाची भीती दोन्हीकडे सारखीच. आम्ही लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जुडीभोवती टेप घालून ठेवतो, १५ मिनिटं आवळतो, ५ मिनिटं सोडतो. सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोठ्याने मिनिटं सांगतात. ही युक्ती प्रिंगल यांनी १९०८ मध्ये लिहून ठेवली, ती अजून चालते. भूलतज्ज्ञ तोवर सलाईन हात राखून देतात, कारण मोठ्या शिरेतला दाब कमी असेल तर कापलेल्या जागेतून रक्त कमी येतं. लिव्हरच्या शस्त्रक्रियेत मी भूलतज्ज्ञ कोण आहे हे आधी बघतो, यंत्रं मागाहून. मध्येच रक्त आटोक्यात येईना किंवा गाठीची कड नीट दिसेना, तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडायचं. त्याला अपयश समजू नका. 'काहीही झालं तरी दुर्बिणीतूनच करू' असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर मी तिथे माझ्या माणसाला नेणार नाही. रोबोबद्दल विचाराल तर अवघड कोपऱ्यात शिवायला हात छान वळतो, खर्च वाढतो; सेगमेंट ६ साठी त्याच्या मागे धावू नका.

आता सुई. आरएफए किंवा मायक्रोवेव्ह, म्हणजे सुईच्या टोकाने गाठ उष्णतेने जाळणं, हा दुय्यम इलाज समजू नका. २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत तो शस्त्रक्रियेच्या बरोबरीने चालतो, ३ पर्यंत उत्तम पर्याय आहे. थकलेल्या लिव्हरमध्ये खोलवर बसलेली छोटी गाठ असेल तर मी स्वतःच पेशंट इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे स्कॅनवर बघत सुईने इलाज करणाऱ्या डॉक्टरकडे पाठवतो. पण गाठीभोवती चांगल्या लिव्हरची कडसुद्धा जळायला हवी, आणि ४.२ च्या गाठीत ती सगळीकडून मिळणं अवघड, म्हणून तिथेच पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण वाढतं. शेजारी मोठी शीर असेल तर वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं आणि त्या बाजूचा कॅन्सर जिवंत राहतो. आरएफएमध्ये हे जास्त, मायक्रोवेव्हमध्ये कमी. शिवाय सेगमेंट ६ ला खालून मोठं आतडं टेकलेलं असतं, ते भाजू नये म्हणून मध्ये पाणी भरून ते लांब सारावं लागतं. आप्पांचं लिव्हर शस्त्रक्रिया झेपण्यासारखं नसेल तर मायक्रोवेव्ह, किंवा आधी टेस, म्हणजे धमनीतून गाठीत औषध सोडून तिचं रक्त बंद करणं, आणि मग जाळणं, हा रास्त मार्ग आहे. लिव्हर चांगलं असताना केवळ कापायचं टाळायला म्हणून नाही.

प्रत्यारोपणाचं तुम्हाला तिघांपैकी कोणी बोललं नाही, म्हणून सांगतो. एकच गाठ ५ सेंटिमीटरच्या आत, किंवा ३ सेंटिमीटरच्या आतल्या जास्तीत जास्त तीन, आणि शिरांमध्ये कॅन्सर शिरलेला नाही, या मिलानच्या निकषांत आप्पा बसतात. चाइल्ड बी-सी निघालं तर गाठीबरोबर आजारी लिव्हरही बदलणारा हाच एक इलाज. आपल्या भागातली अवयवदानाची यादी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडून चालते, आणि घरातलं कोणी लिव्हरचा भाग देऊ शकत असेल तर यादीची वाट बघावी लागत नाही. खर्च फार मोठा आहे. चाइल्ड ए असेल तर मात्र हा विषय आज काढायची गरज नाही.

थोडक्यात माझा कल असा. चाइल्ड ए, प्लेटलेट दीड लाखाच्या आसपास किंवा वर, शिरा फुगलेल्या नाहीत, मुख्य फांदी मोकळी: सेगमेंट ६ काढा, टीम सरावाची असेल तर दुर्बिणीतून. गाठ मुख्य फांदीला टेकलेली आणि लिव्हर चांगलं: मोठी शस्त्रक्रिया, पोर्टल शीर बंद करून, थांबून, बहुधा मोठ्या चिऱ्यातून. लिव्हर थकलेलं: सुई, टेस किंवा प्रत्यारोपण, चाकू नाही. पोर्टल शिरेत कॅन्सर शिरलेला किंवा लिव्हरबाहेर गेलेला असेल तर हा सगळा हिशोबच बदलतो आणि औषधांची वाट आधी येते.

सर्जनला विचारा: महिन्याला लिव्हरच्या किती शस्त्रक्रिया होतात, रात्री दोन वाजता रक्त लागलं तर रक्तपेढी आवारात आहे का, इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट हाकेच्या अंतरावर आहे का, आणि ही केस तुम्ही सगळे एकत्र बसून बघता का. मिरज-सांगलीत हे जुळलं तर उत्तम. नाही वाटलं तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून परळला टाटात एकदा मत घेऊन या. चार-सहा दिवसांनी काही बिघडत नाही, चार-सहा महिन्यांनी बिघडतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र तुमची नेमकी शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात कोणत्या पॅकेजात बसते, हे ॲडमिट होण्याआधी आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) लिहून घ्या.

आणि आजपासून एक करा. नातेवाईक आणून देत असतील ती झाडपाल्याची औषधं, काढे, पुड्या सगळं बंद. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. आधीच गाठ असलेल्या लिव्हरवर असला प्रयोग झाला आणि बिलिरुबिन चढलं, तर ते गाठीमुळे चढलं की काढ्यामुळे, हे शोधण्यातच आमचे पंधरा दिवस जातात.